पानातल्या लिंक वाटेत बदलू नका

रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे आतल्या ॲप्लिकेशनपुढे उभा राहून बाहेरच्यांशी बोलणारा सर्व्हर, बसवणाऱ्यांमध्ये एक मत पक्कं रुजलं आहे. आतल्या ॲप्लिकेशनला बाहेरचा पत्ता ठाऊक असायची गरज नाही. पान प्रॉक्सीच्या हातूनच बाहेर जातं, तर त्यातल्या लिंकही त्यानंच बदलून द्याव्यात. ॲप्लिकेशनला हात लावायला नको, ते बनवणाऱ्याच्या विनवण्या करायला नकोत. हे मत मला साफ अमान्य आहे.

समजा, पांढुर्णा तालुक्यातल्या तिगावच्या संत्रा बागायतदारांनी मालाच्या हिशेबाचं ॲप्लिकेशन चालवलं. आत ते ८०८० पोर्टवर, बाहेर त्यांच्या साइटवर ‘/हिशेब/’ या वाटेनं. लॉगिन झाल्यावर ॲप्लिकेशन सांगतं, आता १२७.०.०.१:८०८० वर जा. पण बागायतदाराच्या मोबाइलला १२७.०.०.१ म्हणजे तो मोबाइलच. पान उघडणार कुठून? अपाचे या वेब सर्व्हरमधली ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ ही सूचना हा पत्ता दुरुस्त करते. तिला माझा विरोध नाही. ती उत्तराच्या हेडरमधल्या मोजक्या ओळींनाच हात लावते, पानाच्या मजकुरात शिरत नाही.

मजकुरात शिरलं की भांडण सुरू होतं. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरचं ‘सब_फिल्टर’ अक्षरं जुळली की बदलतं. ती लिंक आहे की कुणी लिहिलेलं वाक्य, हे त्याला कळत नाही. वेगळं सांगितलं नाही तर ते पहिली जुळणीच बदलतं आणि बाकीच्या तशाच सोडतं. आतून पान जीझिपनं आवळून आलं, तर त्याला काहीच सापडत नाही. निक क्यू यांचं ‘मॉड_प्रॉक्सी_एचटीएमएल’ जास्त शहाणं आहे, लिंकची जागा ओळखतं, अपाचे २.४ पासून ते अपाचेसोबतच येतं. पण आजच्या पानात बरेच पत्ते ब्राउझरमध्ये, स्क्रिप्ट चालताना तयार होतात. प्रॉक्सीसमोरून पान गेलं तेव्हा तो पत्ता जन्मालाच आलेला नव्हता. मग पान दिसतं, चित्रं दिसतात, आणि नेमकं ‘जतन करा’ दाबल्यावर नोंद भलतीकडे जाते. पान अजिबात उघडलं नसतं तर दोष त्याच दिवशी कळला असता.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार दाखला ग्रंथालयांचा. ‘ईझीप्रॉक्सी’ ही ग्रंथालयांची प्रॉक्सी १९९९ पासून प्रकाशकांच्या पानांतल्या लिंक बदलून विद्यार्थ्याला घरबसल्या नियतकालिकं वाचू देते. काम मोठं आहे, मान्य. पण तिथं पान दुसऱ्याचं असतं, दुरुस्त करता येत नाही. म्हणून हा मार्ग. त्याचा खर्चही आहे: प्रकाशकाप्रकाशकासाठी वेगळे नियम लिहायचे, त्यानं साइट बदलली की पुन्हा लिहायचे. आपल्याकडे इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’नं वेगळी वाट धरली. विद्यार्थी आपल्या संस्थेची ओळख दाखवून थेट प्रकाशकाकडे जातो, लिंकला कुणी हात लावत नाही.

मग करायचं काय? तिगावचंच बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून नवा जिल्हा झाला. ‘तिगाव, तालुका पांढुर्णा’ एवढं लिहिलेलं तसंच खरं राहिलं; ‘जिल्हा छिंदवाडा’ जिथं लिहिलं होतं ते जुनं झालं. म्हणून टपालवाल्यानं प्रत्येक पाकीट फोडून छिंदवाडा खोडावा काय? आत ‘ताई छिंदवाड्याला असते’ लिहिलं असेल, तेही खोडलं जाईल.

लिंकही त्या पत्त्यासारखी तेवढीच लिहावी, जेवढी आतल्या आत पुरते: ‘/css/style.css’ न लिहिता ‘css/style.css’. अट एकच, बाहेरचा पत्ता शेवटच्या तिरप्या रेघेसकट हवा, नाहीतर ब्राउझर एक पायरी वर जातो. जिथं पूर्ण पत्ता लागतोच, उदाहरणार्थ ईमेलमध्ये, तिथं तो सेटिंगमधून घ्यावा. वर्डप्रेस, ग्राफाना यांत त्याची सोय आहे. प्रॉक्सीनंही बाहेरचं नाव हेडरमधून आत सांगावं. त्यासाठी २०१४ पासून आरएफसी ७२३९ हे मानक आहे. मात्र त्यात ‘/हिशेब/’सारख्या वाटेला जागा नाही, ती वेगळी कळवावी लागते.

ॲप्लिकेशन जुनं, बनवणारा निघून गेलेला, कोड कुणाकडे नाही, अशी अडचण खरीच असते. तिथंही आधी त्याला स्वतःचं सबडोमेन द्या. वाट मुळापासून सुरू झाली की ‘/css’ आपोआप योग्य जागी पोचतं, आणि पान न फोडताच बहुतेक लिंक चालू लागतात.