निवेदनातील क्रमांक आणि विभक्तीचा प्रश्न

सीमाप्रश्नाचे वाङ्मय म्हटले की डोळ्यांसमोर सभा, पोवाडे आणि घोषणा येतात. या प्रश्नाची दिशा मात्र बहुतांशी कागदावर ठरली. १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हे सारे टप्पे कागदाचेच आहेत. आपण आजही जिल्हाधिकाऱ्यांना, शिक्षण खात्याला, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना निवेदने देतो. त्या निवेदनांतील मजकुराविषयी आपण तासन्तास वाद घालतो. त्यातील ‘सोबतचे परिशिष्ट ४ पाहावे’ या वाक्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. निवेदन बहुधा तेथेच फसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल खडोली घेऊ. सिल्वासाजवळचे, औद्योगिक वसाहतीचे हे गाव. दादरा आणि नगर हवेलीच्या या परिसरात वारली, कोकणा, गुजराती, हिंदी आणि मराठी एकमेकींच्या अंगणात नांदतात. १९५४ च्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे उतरले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेथील मराठी मुलांच्या शिक्षणाची मागणी अभिमानाच्या आधारावर मान्य होत नाही. ती संविधानाच्या अनुच्छेद ३५०क वर आणि १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने घालून दिलेल्या निकषावर उभी राहते: वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी त्या मातृभाषेचे असले, तर त्या भाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी. म्हणजे सारी मदार पटसंख्येच्या तक्त्यावर.

आता समजा, खडोलीसाठी असे निवेदन चौघांनी मिळून लिहिले. एकाने पटसंख्या जमवली, दुसऱ्याने कारखान्यांतील कामगार कुटुंबांची माहिती, तिसऱ्याने कायद्याची बाजू. चौथ्याने सर्व जोडून एक फाईल केली. शेवटच्या रात्री कोणाला तरी आठवले की लोकसंख्येचा तक्ता राहिला. तो दुसऱ्या स्थानी घातला. पूर्वीचा तक्ता २ आता ३ झाला, ३ चा ४ झाला, पण मजकुरात हाताने लिहिलेले ‘तक्ता ३’ जागच्या जागी राहिले. पटसंख्या शोधणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे घरभाड्याचे आकडे सापडतात. त्याला वैर असण्याची गरज नाही. ‘संदर्भ जुळत नाहीत, फेरसादर करावे’ एवढा शेरा पुरतो. फेरसादर होईपर्यंत शाळेचे नवे वर्ष सुरू झालेले असते.

यावरचा उपाय आपल्या संगणकात पडून आहे. इंग्रजीत त्याला क्रॉस-रेफरन्स म्हणतात. मी येथे प्रतिनिर्देश म्हणतो. तक्त्याला मथळा देताना आकडा हाताने लिहू नये. वर्डमधील ‘इन्सर्ट कॅप्शन’ने तो द्यावा, आणि ‘न्यू लेबल’मध्ये ‘तक्ता’, ‘नकाशा’, ‘परिशिष्ट’ हे आपले शब्द घालावेत. मग मजकुरात जेथे त्या तक्त्याचा उल्लेख हवा, तेथे ‘क्रॉस-रेफरन्स’मधून तो निवडावा. तक्ते पुढेमागे झाले तरी हे आकडे नव्याने जुळवता येतात. मात्र वर्ड हे दर वेळी आपण होऊन करत नाही: संपूर्ण मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबावी लागते. परिच्छेदांनाही असेच आपोआप क्रमांक द्यावेत. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालात परिच्छेदांना सलग क्रमांक आहेत, म्हणून कोणत्याही छपाईत, कोणत्याही भाषेत तेच वाक्य नेमके दाखवता येते. पृष्ठक्रमांकाला ही सोय नाही.

येथपर्यंत सारे इंग्रजी मार्गदर्शिकांतही मिळते. खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि ती भाषेची आहे. यंत्र ‘तक्ता ४’ असा तयार तुकडा वाक्यात ठेवते. इंग्रजीत तो कोठेही बसतो, कारण तेथे नामाचे रूप पालटत नाही. मराठीत ‘तक्ता’चे ‘तक्त्यात’, ‘तक्त्यावरून’, ‘तक्त्यातील’ होते. यंत्राला सामान्यरूप ठाऊक नाही. परिणामी ‘तक्ता क्र. ४ मध्ये दर्शविल्याप्रमाणे’ ही सरकारी मराठी जन्माला येते आणि हळूहळू तीच प्रमाण वाटू लागते. माझ्या मते शब्द आपण लिहावा आणि यंत्राकडून केवळ आकडा घ्यावा: ‘पटसंख्येच्या तक्त्यात (क्र. ४)’. विभक्ती शाबूत राहते, आकडा कंसात सुरक्षित राहतो, आणि वाचणाऱ्याला तक्ता कशाचा हेही कळते. लिब्रेऑफिस रायटरमध्ये केवळ आकडा घेण्याची सोय आहे. वर्डमध्ये मथळ्यातील आकड्यालाच बुकमार्क देऊन त्या बुकमार्कचा निर्देश घ्यावा लागतो. थोडे लांबचे वळण आहे, पण रस्ता पक्का आहे. ‘वर’ आणि ‘खाली’ असे आपोआप सांगणारा पर्याय मात्र वापरूच नये. ‘वरील’, ‘वरच्या’, ‘खाली दिलेल्या’ यांतला फरक त्याला कळत नाही.

परिशिष्टांची गोष्ट निराळी. अ, ब, क, ड हा आपला लाडका क्रम. तो इंग्रजी ए, बी, सी, डीच्या सावलीत वाढला आहे. वर्णमालेचा क्रम क, ख, ग, घ आहे, आणि संविधानाच्या मराठी पाठातही ३५०क, ३५०ख असेच आहे. आपोआप क्रमांकन हवे असेल तर अ-ब-क-ड सोडावे लागेल, आणि ते सोडण्यात मला तरी काही दुःख नाही.

‘यंत्राला मराठी येत नाही, आपण काय करणार’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. हंगेरियन भाषेत नामाआधीचे उपपद पुढील उच्चारानुसार ‘अ’सारखे किंवा ‘अझ’सारखे होते, म्हणजे आकडा बदलला की उपपदही बदलू शकते. लिब्रेऑफिसमध्ये त्या भाषेसाठी प्रतिनिर्देशासोबत योग्य उपपद आपोआप घालणारा पर्याय आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होते. हंगेरियन बोलणारे त्याच्या पावपटही नाहीत. फरक मागणी लावून धरण्याचा आहे.

दुसरा दाखला घरचा. आपल्याच कागदांत दावा सांगितलेल्या गावांची संख्या कोठे ८१४ असते, कोठे ८६५. डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावात ८६५ आहे. दोन्ही आकडे आपापल्या संदर्भात येतात, पण एकाच निवेदनाच्या दोन पानांवर दोन्ही आले, तर प्रतिपक्षाचा वकील अन्य काही शोधणारच नाही. असा आकडा एकाच ठिकाणी, गावांच्या यादीजवळ लिहावा, त्याला बुकमार्क द्यावा आणि अन्यत्र सर्वत्र तेथूनच घ्यावा. प्रदेशाच्या नावाचेही तेच: २६ जानेवारी २०२० पासून केंद्रशासित प्रदेशाचे नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ असे झाले, तरी जुनी निवेदने समोर ठेवून केलेल्या नव्या निवेदनांत जुने नाव हमखास डोकावते.

निवेदन छापण्यापूर्वी एफ-९ दाबून झाल्यावर मजकुरात ‘एरर’ हा शब्द रोमन अक्षरांत शोधावा. ज्या तक्त्याचा निर्देश आहे तो कोणी काढून टाकला असेल, तर वर्ड तेथे संदर्भ सापडत नसल्याचे ठसठशीत इंग्रजी वाक्य छापते. मराठीच्या हक्कासाठी दिलेल्या निवेदनात ते वाक्य अधिकाऱ्याच्या आधी आपल्याला दिसलेले बरे.