सायकलवरची नोकरी आणि घामाची लाज



परवाच्या रविवारी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मी चपला शोधत होते. तेवढ्यात वस्तीतल्या एक बाई मुलीचा हात धरून समोर आल्या. म्हणाल्या, "ताई, हिले तुमीच समजावा. माहं काही ऐकत नाही. सायकल सोड म्हणावं हिले."

मुलगी वीस-एकवीस वर्षांची, इंदोऱ्यात राहणारी. सहा महिन्यांपासून सोनेगावच्या विमानतळावर कामाला जाते. एक आठवडा सकाळी सहाची पाळी, एक आठवडा दुपारी दोनची. इंदोरा ते विमानतळ म्हणजे नागपूरचे एक टोक ते दुसरे टोक. कडबी चौक, गड्डीगोदाम, संविधान चौकातला बाबासाहेबांचा पुतळा, झिरो माईल, सीताबर्डी, मग वर्धा रोडने रहाटे कॉलनी, अजनी, छत्रपती चौक करीत बाराएक किलोमीटर होतात. आता याच रस्त्यावरून मेट्रो धावते, पण सहाच्या पाळीला तिची वाट पाहून चालत नाही. रोज ऑटो करायचा तर पगारातले हाती काय उरणार? म्हणून या पोरीने भावाची पडून असलेली सायकल दुरुस्त करून घेतली.

मी आईला विचारले, "अंधारात जाते म्हणून भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "नाही जी, गल्लीतलाच एक पोरगा संगं असते, तोही तिकडंच कामाले आहे." मग त्यांनी आवाज उतरवला. "ते घामानं भिजून जाते ना ताई. तिथं मोठे मोठे लोक येतात. कोणी वास येते म्हणलं तं?"

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. आईबरोबर एका घरी भांडी घासायला गेल्या होत्या. घरातल्या बाईने लांबूनच सांगितले, पोरीला ओट्यावर बसवू नको, वास येतो. "त्या दिवशी सकाळीच मायनं मले साबण लावून आंघोळ घातली होती जी," एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मुलीने ही गोष्ट बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी. ती आईकडे बघत राहिली.

मी त्या दोघींना जे सांगितले, तेच आज या पानावर लिहिते आहे. कारण हा प्रश्न त्या एका घरातला नाही.

त्या बाईला आलेला वास जातीचा होता. त्यावर जगातला कोणताही साबण चालत नाही आणि तो घालवण्याची जबाबदारी आपली नाही. पण बारा किलोमीटर पायडल मारल्यावर जो घाम येतो तो खरा आहे, तो कोणत्याही जातीच्या माणसाला येतो आणि त्यावर साधे, स्वस्त उपाय आहेत. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. गल्लत झाली की आई घाबरते, मुलगी सायकल सोडते आणि सायकलबरोबर नोकरीही सुटते.

आधी घाम म्हणजे काय ते समजून घेऊ. शरीर तापले की कातडीवर पाणी येते, ते वाऱ्याने सुकते आणि शरीर थंड होते. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडे मीठ. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर काम करू लागतात आणि त्यांचा स्राव दाट असतो. कातडीवरचे जंतू त्या स्रावावर वाढतात आणि त्यातून वास निर्माण होतो. म्हणजे वास येतो तो साचलेल्या घामाचा आणि न धुतलेल्या कपड्यांचा. घाम लवकर पुसला, अंग कोरडे केले आणि कपडे बदलले की प्रश्न मिटला.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

सायकलपासून सुरुवात करावी. चाकात हवा कमी असली, साखळी कोरडी असली की दुप्पट जोर लागतो आणि तेवढा घाम जास्त येतो. आठवड्यातून एकदा हवा भरावी, साखळीला तेल द्यावे. सीट फार खाली ठेवू नये. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला पाहिजे, गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीट खाली असली की मांड्या भरून येतात आणि गुडघे दुखतात. पहाटे निघणाऱ्यांनी पुढे दिवा आणि मागे लाल दिवा लावावा. डोक्यावर हेल्मेट हवेच.

पिशवी पाठीला अडकवू नये. पाठीला वारा लागत नाही आणि सगळी पाठ ओली होते. पिशवी मागच्या कॅरिअरला घट्ट बांधावी. युनिफॉर्म घालून सायकल चालवू नये. सायकलीसाठी जुना सुती सलवार-कुर्ता किंवा टी-शर्ट वेगळा ठेवावा, ओढणी चाकात जाणार नाही अशी बांधावी. इस्त्री केलेला युनिफॉर्म घडी न घालता गुंडाळून नेला तर चुण्या कमी पडतात. कामावरचे बूट आणि कोरडे मोजेही पिशवीतच ठेवावेत.

मुलींची एक खोड असते, उशीर झाला की शेवटी जोर मारायचा. नेमके उलट करावे. पंधरा मिनिटे लवकर निघावे आणि शेवटचे दोन किलोमीटर अगदी सावकाश चालवावी. सायकल थांबली की वारा थांबतो, पण शरीर तापलेलेच असते. त्यामुळे पोहोचल्यावरही दहा-पंधरा मिनिटे घाम येतच राहतो. त्या घामावर युनिफॉर्म चढवला की तो लगेच भिजतो. म्हणून सावलीत उभे राहावे, पाणी प्यावे, श्वास खाली बसू द्यावा आणि मग कपडे बदलावेत. ओल्या अंगाने एकदम एसीत शिरले की हुडहुडी भरते, तेही टळते.

अंघोळीची सोय नसली तरी हरकत नाही. एक छोटा सुती पंचा ओला करून तोंड, मान, काखा आणि पाय पुसावेत. काखेला थोडा साबण लावून पुन्हा ओल्या पंचाने पुसून घ्यावे. मग दुसऱ्या कोरड्या पंचाने अंग पूर्ण कोरडे करावे, हे सगळ्यात महत्त्वाचे. तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवला तर वास बराच वेळ रोखला जातो आणि एक खडा महिनोन्‌महिने पुरतो. महागड्या अत्तराची गरज नाही. घामावर अत्तर मारले तर दोन्ही वास एकत्र येतात, हे लक्षात ठेवावे.

भिजलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कापडी पिशवीत ठेवावेत. घरी आल्यावर लगेच धुवावेत आणि उलटे करून उन्हात वाळवावेत. पॉलिएस्टरच्या कपड्यात वास अधिक धरून राहतो, म्हणून आतले कपडे सुतीच असावेत. ओले कपडे अंगावर राहिले तर जांघेत गजकर्ण होते. मांड्या घासत असतील तर निघण्यापूर्वी थोडे खोबरेल लावावे. पाळीच्या दिवसांत पोहोचल्यावर आधी कपडा किंवा पॅड बदलावा. त्यात संकोच कसला?

विमानतळावर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पाना, स्क्रू-ड्रायव्हर अशी सायकलीची हत्यारे कामाच्या पिशवीत ठेवू नयेत. तपासणीत अडकतात आणि उगाच उशीर होतो. कामगारांनी सायकली कुठे लावायच्या हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे आणि फ्रेम व चाक दोन्हीत अडकेल असे कुलूप लावावे.

आता उन्हाळ्याचे. आपल्या नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. दुपारी दोनच्या पाळीला त्या उन्हात बारा किलोमीटर सायकल हाणणे हा शहाणपणा नव्हे. त्या दिवसांत दुपारी मेट्रो किंवा बसने जावे, सायकल पहाटेच्या पाळीपुरती ठेवावी. एरवी निघण्यापूर्वी ताक, आंबील किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि बाटली सोबत ठेवावी. चेहऱ्याला सुती दुपट्टा बांधावा. चक्कर आली, डोके ठणकले, मळमळले तर लगेच सावलीत बसावे, अंगावर पाणी मारावे. अंग तापले आहे आणि बोलणे असंबद्ध होत आहे असे कोणाचे दिसले, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. तो उष्माघात असतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. हात-तोंड धुवायला नळ आणि कपडे बदलायला आडोसा मागणे ही भीक नाही. कंत्राटी कामगारांना धुण्याची सोय मिळाली पाहिजे, हे या देशाच्या कायद्याने 1970 सालीच मान्य केले होते. एकटीने मागायला संकोच वाटत असेल तर चौघींनी मिळून, लेखी आणि नम्रपणे मागावे. पाण्यासाठी 1927 साली महाडला चवदार तळ्यापर्यंत चालत गेलेल्या माणसांची आपण लेकरे आहोत. एका नळासाठी मान खाली घालण्याचे कारण नाही.

आणि स्वच्छतेचा आग्रह आपल्याला नवा नाही. 20 जुलै 1942 रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली होती. तिथे बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना स्वच्छ राहायला, दुर्गुणांपासून दूर राहायला आणि मुलांना शिकवायला सांगितले. त्यांनी हे दुसऱ्याने नाक मुरडू नये म्हणून सांगितले नव्हते. माणसाला स्वतःची किंमत कळली की तो स्वतःची निगा राखतो, एवढा साधा अर्थ त्यात होता. तथागतांचीही एक गोष्ट आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू घाणीत पडून होता आणि त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला स्वतःच्या हातांनी धुऊन काढले. अंगाची घाण धुऊन टाकायची असते, तिच्यावरून माणूस टाकायचा नसतो.

हे सारे ऐकून आई काही बोलल्या नाहीत. "बघू जी," म्हणून निघून गेल्या. मला वाटले, पटले नसावे.

या बुधवारी मुलगी घरी आली. हातात एक पिशवी होती, जुन्या लुगड्याची, दोन कप्प्यांची. एका कप्प्यात युनिफॉर्म, दुसऱ्यात ओले कपडे. कॅरिअरला बांधायला नाड्याही शिवलेल्या. म्हणाली, "मायनं शिवली. कप्पे कसे पाहिजेत ते तिनंच विचारलं." शिवाय छोट्या डबीत तुरटीचा खडा ठेवला होता.

ज्या विमानतळाला 2005 सालापासून बाबासाहेबांचे नाव आहे, तिथे आमच्या इंदोऱ्याची मुलगी पहाटे स्वतःच्या पायांनी पायडल मारीत पोहोचते, तोंड धुते, कोरडा युनिफॉर्म चढवते आणि मान वर करून कामाला उभी राहते. तुमच्या घरातली मुलगी किंवा सून अशी जात असेल, तर तिला सायकल सोडायला सांगू नका. पहाटे उठून तिच्या सायकलीत हवा आहे ना, एवढे बघा. पिशवी शिवायची असेल तर मापे विचारायला माझ्याकडे या.

जयभीम.