बाटली कुणाची, गेटपास कुणाचा?

परवा आमच्या एमआयडीसीतला एक टँकर ड्रायव्हर भेटायला आला. लघवीच्या तपासणीत 'पॉझिटिव्ह' आला म्हणून गेटपास काढून घेतलाय. रिपोर्ट मागितला तर एका ओळीचा मेल दाखवला. बाटलीचा नंबर काय, सील कुणी लावलं, कुणाच्या हातून गेली, काही नाही. गडी त्या आठवड्यात डॉक्टरांनी दिलेलं कोडीनवालं खोकल्याचं औषध पीत होता. कोडीनचं शरीरात मॉर्फीन होतं, आणि साध्या पट्टीला त्यातला फरक कळत नाही. पण औषधाचं विचारलंच कुणी नाही!

तपासणी नको असं मी म्हणत नाही. केमिकलचा टँकर नशेत चालवणारा मलाही नको, मी त्याच घाटातून मोटारसायकलवर जातो. पण चूक लॅबची असेल तर?

अमेरिकेत ट्रकवाल्याचा नमुना दोन बाटल्यांत सील करतात. पॉझिटिव्ह आला तर डॉक्टर आधी त्याच्याशी बोलतो, औषधं विचारतो. 72 तासांत दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासून मागता येते. बाटली आणि फॉर्मवरचा नंबर जुळला नाही तर तपासणीच रद्द. आपल्याकडेही 2022 पासून डीजीसीएच्या नियमात पायलटला खात्रीची दुसरी चाचणी आहे. मग टँकरवाल्याला एक ओळ का?

कंपनी म्हणते लॅबला विचारा, लॅब म्हणते रिपोर्ट कंपनीलाच देतो. दोघांना काल लेखी विचारलंय: ती बाटली अजून ठेवलीय का? उत्तर आलं की इथंच टाकतो. तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल तर कागद घेऊन या.