चारची भूक आणि सुंडल

मधुमेह आहे आणि चार वाजता पोटात कावळे ओरडतात? अण्णा नगरात राहता, तर मुरुक्कूचा डबा उघडण्याआधी सुंडल करून पाहा. भिजवून शिजवलेले चणे, वर मोहरी, उडीद डाळ, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. आपल्या उसळीचीच कोरडी बहीण! खोबरं चिमूटभर, वाटी छोटी. चण्यातल्या प्रथिनांमुळे आणि चोथ्यामुळे रक्तातली साखर हळूहळू चढते.

पण म्हणूनच एक लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन टॉवर पार्कात फिरताना हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर सुंडल उपयोगाचं नाही. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखरेची पुडी आमच्याकडे घराच्या किल्लीलाच बांधलेली असते.