सुट्या भागाला नंबर तरी द्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात ट्यूब मागा, ब्रेकरबर मागा, कॉटरपिन मागा. दुकानदार मान वर न करता हात मागे नेतो आणि वस्तू काउंटरवर ठेवतो. तिथेच चेनकव्हरचं टोपण, हँडलच्या टोकाचं बूच किंवा पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला मागितला, की तो पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे नीट बघतो. ‘ते सुटं येत नाही,’ हे उत्तर ठरलेलं असतं. फार आग्रह धरला तर पुढचा सल्लाही ठरलेलाच: जुनी देऊन टाका, नवी घ्या.

सायकल ज्या भागांमुळे चालते ते भाग कधीही मिळतात, आणि ती ज्या भागांमुळे ओळखू येते, नेटकी दिसते, ते एकदा गळून पडले की गेलेच. याला हौशी लोकांची तक्रार म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण प्रश्न हौसेचा नाही, कारखान्यांच्या सवयीचा आहे. शोभेचा समजला गेलेला भाग यादीत नसतो, यादीत नसल्याने त्याला नंबर नसतो, आणि नंबर नसलेली वस्तू मागवायची तरी कशी?

हे जमू शकतं याचा दाखला सायकलच्याच धंद्यात आहे. जपानच्या साकाई शहरात १९२१ मध्ये सुरू झालेली शिमानो कंपनी आपल्या जोडणीतला प्रत्येक तुकडा सुटा करून दाखवणारे नकाशे प्रसिद्ध करते. रेसिंग सायकलच्या ब्रेक-गिअरच्या दांड्यावर कंपनीचं नाव असलेली छोटी पट्टी असते. ती बारीकशा स्क्रूवर टिकलेली. स्क्रू सैल झाला की पट्टी रस्त्यात कुठेतरी पडते आणि दांड्यावर उघडा खड्डा राहतो. गिअर तसेच पडतात, ब्रेक तसाच लागतो. तरीही त्या नकाशांत ही पट्टी आणि तिचा स्क्रू यांची स्वतंत्र नोंद असते, कोड असतो. नव्या पिढीचे दांडे आले की जुन्या पट्ट्यांचा साठा आटतो, हे खरं. पण शोधणाऱ्याच्या हातात निदान कोड असतो. त्यावरून दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या दुकानात पडून राहिलेली पट्टी हुडकता येते. आपल्याकडे मात्र ‘ती काळी टोपी, जरा गोल, मागे खाच असलेली’ एवढ्या वर्णनावर शोध सुरू होतो आणि तिथेच संपतो.

शिवाय ‘शोभेचा भाग’ ही वर्गवारीच फसवी आहे. हँडलच्या टोकाचं बूच घ्या. ते निघालं की उघडी नळी राहते, आणि पडल्यावर ती पोटात घुसू शकते. म्हणूनच सायकलच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात हँडलची टोकं मुठीने किंवा बुचाने बंद असावीत असं सांगितलेलं आहे. ट्रायथलॉनच्या स्पर्धेत उघड्या टोकांची सायकल चालत नाही. रिफ्लेक्टरचंही तसंच. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, म्हणजे नवी सायकल विकताना ती लाल-पांढरी चकती महत्त्वाची ठरली. पण तिचा प्लॅस्टिकचा कान तुटला, तर त्याच मापाचा कान मिळेल का, याची काळजी कुणाला नाही.

आता जुन्या सायकलींकडे बघू. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा बगळा नुसता बिल्ल्यावर नव्हता. काही मॉडेलांच्या चेनव्हीलमध्येही बगळ्यांच्या आकृती कापलेल्या असत. रज कंपनीच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा असे. लांबून सायकल येताना दिसली तरी ती कुणाची हे कळावं, एवढा विचार त्या पत्र्यात होता. रॅलेशी करार करून आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. इकडे मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. दोन्ही कंपन्या डबघाईला आल्या आणि १९८० मध्ये संसदेने एकच कायदा करून दोघींचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे तेही कारखाने थांबले. साहिबाबादचा ॲटलासचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकलदिनी, बंद झाला. अशा प्रत्येक टाळ्याबरोबर रस्त्यावरच्या असंख्य सायकली पोरक्या होतात. त्यांना टायर मिळतं, बिल्ला मिळत नाही.

मग शोध पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पोचतो. तिथे एका बिल्ल्यासाठी अख्खी गंजलेली सायकल विकत घ्यावी लागते. सांगाडा भंगारात जातो आणि अशा रीतीने एक सायकल वाचवायला दुसरी मारली जाते. बरं, मिळालेला बिल्ला बसेलच असंही नाही. तो रिव्हेटने किंवा बारीक स्क्रूने बसवलेला असतो आणि दोन भोकांमधलं अंतर कंपनीगणिक बदलतं. नळीची गोलाई वेगळी असेल तर पितळी पत्रा एका कडेला उचललेला राहतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली सजलेल्या दिसतात, तेव्हा बघणाऱ्याने चकाकणाऱ्या नळ्यांइतकंच या किरकोळ तुकड्यांकडेही बघावं. जुनी सायकल पूर्ण करताना दम लागतो तो इथेच.

कारखानदारांची बाजूही ऐकायला हवी. लुधियानात सायकलचे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. प्लॅस्टिकच्या टोपणाचा साचा एका मॉडेलपुरता बनतो. मॉडेल बंद झालं की साचा कोपऱ्यात जातो. पुन्हा काढायचा तर हजारोंची ऑर्डर हवी. टोपणाच्या किमतीपेक्षा ते साठवायला, पाकिटात घालायला, पाठवायला जास्त खर्च येतो. हिशेब चुकीचा नाही.

पण मागणी साठ्याची नाहीच. मागणी माहितीची आहे. भागाला नंबर द्या, माप आणि नकाशा जाहीर करा, आणि मॉडेल बंद करताना तो नकाशा कुलपात ठेवू नका. थ्रीडी प्रिंटर आता मध्यम शहरांतही पोचला आहे. मापं हातात असली तर टोपण एक-एक नगही काढता येतं. पितळी बिल्ल्याचं काम दारावरच्या पाट्या कोरणारा कारागीर करू शकतो. फक्त नक्कल आहे हे मागच्या बाजूला कोरलेलं असावं, नाहीतर साध्या सायकलवर नामांकित बिल्ला ठोकून ती ‘अँटिक’ म्हणून खपवणारे आहेतच. मापं एकसारखी ठेवण्याचा फायदा तर रोज दिसतो: मोटारीच्या चाकाच्या व्हॉल्वचं टोपण त्याच जातीचा व्हॉल्व असलेल्या सायकलला बसतं, कारण आटे सगळीकडे एकच आहेत. नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या सनरेसने घेतली, तरी १९३०च्या दशकातल्या तीन गिअरच्या हबचे अनेक भाग आजही मागवता येतात. मालक बदलला, देश बदलला, मापं टिकली.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या. सायकल त्यात नाही. ती गरिबाची, साधी, कुणीही दुरुस्त करू शकेल अशी, असं गृहीत धरलं असावं. ते आता खरं राहिलेलं नाही. आजच्या सायकलला प्लॅस्टिकची कव्हरं आणि खास मापाचे क्लिप असतात.

सुरुवात राज्य सरकारलाही करता येईल. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळतं. या सायकलींवर चेनकव्हर शोभेपुरतं नसतं. त्याची एक क्लिप तुटली की ते पेडलला घासू लागतं, मग घरचे ते काढूनच टाकतात, आणि सलवार चेनमध्ये अडकायला लागते. अर्थसाहाय्य मिळणाऱ्या प्रत्येक सायकलबरोबर सुट्या भागांची चित्रांसह मराठी यादी, प्रत्येक भागाचा नंबर आणि तो मागवायचा पत्ता द्यावा, अशी अट घालायला सरकारला वेगळा पैसा लागणार नाही. त्या यादीत चेनकव्हरची क्लिप असावी, हँडलचं बूच असावं आणि पुढचा बिल्लाही असावा.