दशमीचा डबा

कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालीं आली. परंतु सोवळ्याच्या घरांतून वाटेंत मिळेल तें खाण्याची चाल नव्हती. शिदोरीस दशमीच लागे. दुधांत गूळ विरघळवून त्यांतच कणीक भिजवावयाची. पाण्याचा स्पर्श नाहीं म्हणून ती प्रवासांत चाले, आणि दुसऱ्या दिवशींहि मऊ राही.

गेल्या महिन्यांत आम्ही सहकुटुंब नरसोबाच्या वाडीस गेलों. तें सोवळें आमच्या घरीं आतां उरलेलें नाहीं, तरी सौ.नें हौसेनें दशम्या घेतल्या होत्या. दर्शन झाल्यावर कृष्णेच्या घाटावर डबा उघडला; जोडीस वाडीची प्रसिद्ध बासुंदी होतीच. इतक्यांत धाकटी कन्या म्हणाली, "आई, आज तूं आमच्याबरोबर जेवतेस!"

आम्ही चपापलों. घरीं तव्यावरची पोळी आमच्या पानांत पडते, आणि ती करणारी सर्वांच्या मागून एकटी जेवते. आमच्या खवय्येपणाचें मोल कोण देत होतें, हें पोरीला दिसलें. आम्हांला वीस वर्षें दिसलें नाहीं.

वाचकहो, आतां आमच्या घरीं पोळ्या आधीं होतात व सर्वांचीं पानें एकदम मांडलीं जातात. पोळी थोडी निवते खरी. परंतु घाटावरची दशमी तरी गरम कोठें होती?