एक हेडफोन, दोन कामे

आमच्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घरात कुलर घरघरतो, शेजारी टीव्ही चालू असतो. अशा वेळी मुलाने परवाना काढून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारीचा, हातात मावणारा संच आणला तर त्याच्या इवल्याशा स्पीकरचे ऐकू काय येणार? आवाज वाढवावा, तर रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोपमोड.

या छंदात नीट ऐकणे हे निम्मे काम आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी आपद्‌ग्रस्त भागातले निरोप पोचवले होते. अशा निरोपात गावाचे नाव किंवा रक्तगट चुकीचा ऐकला, तर मदत भलतीकडेच जाते.

म्हणून हेडफोन हवा. पण कामगाराच्या घरात चांगला हेडफोन बहुधा एकच, आणि त्यावर मुलीचा अभ्यास चालतो. तो कापू नका, एवढेच आमचे पहिले सांगणे. मध्ये एक छोटी जोडणी बनवली की भागते.

साध्या हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. अनेक हातसंचांतून मात्र एकच आवाज बाहेर येतो. त्यामुळे हेडफोन थेट लावला की एकाच कानात ऐकू येते आणि पोरगा म्हणतो, हेडफोन बिघडला. बिघडलेले काहीच नसते.

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून संचाला बसणारी मोनो पिन, एक स्टिरिओ सॉकेट आणि 100 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणा. त्यावर तपकिरी, काळी, तपकिरी अशा पट्ट्या असतात. चौथी पट्टी बहुधा सोनेरी. सॉकेटची टोकाची आणि कड्याची पत्ती एका तारेने जोडा. पिनेच्या टोकापासून रेझिस्टरमधून तार या जोडाकडे न्या. दोन्हींचे मागचे भाग एकमेकांना जोडा. डाग दिल्यावर उघड्या जागी चिकटपट्टी गुंडाळा.

रेझिस्टर कशाला? संचातला आवाज स्पीकर हलवण्याइतका जोरकस असतो. कानाला त्याचा अंशही पुरतो. रेझिस्टरने आवाज आवरतो आणि मागची सूं-सूं दबते.

संचाला लावण्याआधी हेडफोन जोडणीत घालून मल्टिमीटरने पिनेचे टोक आणि मागचा भाग तपासा. आकडा 100 च्या थोडा वर आला तर ठीक. शून्य आला तर कुठेतरी तारा चिकटल्या आहेत.

ज्या संचाला शेजारी-शेजारी दोन सॉकेट असतात, तिथे जपून. त्यात मायक्रोफोनच्या आणि बोलण्याच्या बटणाच्याही तारा येतात. चुकीची तार जुळली तर संच आपोआप प्रक्षेपण करू लागतो. अशा वेळी पुस्तिकेतली आकृती पाहिल्याशिवाय हात लावू नका. चार भागांची, माईक असलेली मोबाईलची पिनही या जोडणीत नको.

आणखी एक. बिनतारी हातसंच नुसता ऐकण्याचा नसतो, तो बोलतोही. म्हणून केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आधी, संच नंतर. स्वस्त मिळतो म्हणून परवान्याशिवाय घेऊ नका; मुलाचा छंद त्याच्याच अंगाशी येईल.

घरातल्या आयाबहिणींनीही एक काम करावे. उन्हाने हेडफोनच्या गाद्या तडकतात. जुन्या सुती साडीच्या तुकड्याला नाडी घालून त्यांना खोळ शिवा. घाम टिपला जातो आणि खोळ धुताही येते.

संच लावताना आवाजाचे बटण अगदी खाली ठेवा, मग हेडफोन कानावर चढवा आणि हळूहळू आवाज वाढवा. बंद आवाज एकदम उघडला की कानठळी बसते. ऐकून झाले की जोडणी डब्यात, हेडफोन मुलीच्या हातात.